उसन्या आठवणी: बीबीसी रेडिओ टूवरचा 'साउंड्स ऑफ द सिक्स्टीज'

कराडकर_लेस्टर (धागाकर्ता)
शनिवार, १७ मार्च २०१८

इथे रफी-किशोरचे धागे पैशाला पासरी आहेत, म्हणून आज जरा वाकडी वाट.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला आलो तेव्हा साठीला टेकलेल्या एका बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. स्वयंपाकघर सामायिक. बाई कामापुरतंच बोलायच्या. कचऱ्याचा डबा मंगळवारी बाहेर, गरम पाणी सातनंतर नाही, फोडणी घालताना खिडकी उघडी. माझं इंग्रजी कागदावर झकास आणि तोंडात अडखळणारं. तीनेक महिने आमचा सगळा व्यवहार 'मॉर्निंग' या एका शब्दावर चालला.

शनिवार तेवढा वेगळा. आठच्या ठोक्याला फ्रिजवरचा रेडिओ लागायचा तो दहाला बंद. त्या दोन तासांत बाई टोस्ट करपवायच्या, चहा गार करायच्या, मध्येच लोण्याची सुरी हातात धरून उभ्या राहायच्या. बोलणारा माणूस म्हातारा होता, आवाज लोकरी शालीसारखा. ब्रायन मॅथ्यू, साठच्या दशकातल्या गाण्यांचा 'साउंड्स ऑफ द सिक्स्टीज' करणारा. एकदा बाई आपण होऊन म्हणाल्या, "हा आमच्या कॉव्हेंट्रीचा." त्या दिवशी आमचं पहिलं खरं बोलणं झालं.

१९६३ च्या नोव्हेंबरात कॉव्हेंट्री थिएटरला बीटल्स आले होते, बाई तेव्हा सोळा वर्षांच्या. "काय ऐकलंत?" विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. मी स्वतःच किंचाळत होते."

मॅथ्यूची गंमत अशी की तो इतिहास वाचून दाखवत नव्हता. १९५८ पासून दर शनिवारी सकाळी बीबीसीच्या लाइट प्रोग्राम या केंद्रावर 'सॅटर्डे क्लब' सादर करणारा हाच माणूस. बीटल्स मिसरूड फुटल्यासारखे होते तेव्हापासून त्याच्यासमोर बसून थट्टामस्करी करायचे. नंतर १९९० पासून 'साउंड्स ऑफ द सिक्स्टीज' त्याच्याकडे आलं आणि पुढची जवळपास सत्तावीस वर्षं राहिलं. म्हणजे एखाद्या गाण्याबद्दल तो बोलायचा ते लग्नाला हजर असलेल्या माणसाने अल्बम दाखवत बोलावं तसं. शिवाय नुसती हिट गाणी नाहीत. रेकॉर्डच्या पाठच्या बाजूची गाणी, साफ पडलेली गाणी, एकच रेकॉर्ड काढून परत गॅरेजमध्ये कामाला लागलेल्या पोरांची गाणी. लोक पत्रं लिहून असली गाणी मागायचे आणि तो ती शोधून लावायचा. शॅडोज या बँडची 'फूट टॅपर' ही गिटारची धून म्हणजे कार्यक्रमाची ओळख.

२०१६ च्या शेवटाला तो पडला, आजारी झाला. गीतकार टिम राइस यांनी मध्ये गाडी ओढली. कार्यक्रम सोडणं परस्पर संमतीने ठरलं असं बीबीसी म्हणाली, मॅथ्यूला मात्र ते मान्य नव्हतं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. २५ फेब्रुवारी २०१७ ला शेवटचा कार्यक्रम केला. एप्रिलच्या ५ तारखेला तो गेल्याची बातमी बीबीसीने दिली, मग मागे घेतली, आणि ८ तारखेला तो खरंच गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता.

आता टोनी ब्लॅकबर्न करतात, पण वेळ सकाळी सहाची! ज्यांची तरुणपणची गाणी त्यांनाच भूपाळीच्या वेळेला उठवायचं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. मी १९७९ चा, कराडचा. या गाण्यांतलं एकही माझ्या लहानपणात वाजलं नाही. तरी शनिवारी हे ऐकलं नाही तर दिवस सुना जातो. आठवण मुळात माझी नाहीच, मग हे नक्की काय आहे? असं तुमचं कुणाचं होतं का?

खडूसराव
लेखन बरं आहे. प्रश्न कळला नाही. तुमच्या घरमालकिणीच्या आठवणी तुम्ही भाड्याने घेतल्यात, खोलीसोबत मोफत. :)

यूट्यूबवर ही सगळी गाणी फुकट आहेत, हवं ते, हवं तेव्हा. तरी कुणीतरी म्हातारा आपल्याला हवं ते गाणं कधी लावतोय याची वाट बघत पहाटे बसायचं, हे मला आमच्या पुण्यातल्या दुकानाबाहेर बाकरवडीच्या रांगेत उभं राहण्यासारखं वाटतं. आणि ती रांग निदान बाकरवडीसाठी असते.

बिनतारी_बंडू
मी पयला! (दुसरा झालो.) वाचनखूण साठवली आहे.

टर्नटेबल
खडूसराव, "सगळी गाणी आहेत" हे अर्धसत्य आहे. गाणी आहेत, *ती* गाणी नाहीत. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

एक. साठच्या दशकातली सिंगल्स, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड, मोनोमध्ये मिक्स केलेली, सगळा आवाज एकाच वाटेने. ऐकणारा ट्रान्झिस्टरवर किंवा गाडीतल्या रेडिओवर ऐकणार हे गृहीत धरून. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत तर गाणं बाजारात जाण्याआधी मुद्दाम छोट्या, किरट्या स्पीकरवर वाजवून बघत. मालक बेरी गॉर्डी त्याआधी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. त्याने गाण्यांचाही कारखाना काढला, आणि कारखाना म्हटलं की माल तपासूनच बाहेर. आज तुम्हाला मिळतं ते बहुधा नंतरचं स्टीरिओ. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टीरिओत तर गाणारे एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या. माझ्या हेडफोनची एक बाजू गेली होती तेव्हा आठवडाभर मी नुसत्या गळ्यांचे बीटल्स ऐकले. कीर्तनात पेटी-तबलावाले आलेच नाहीत असं वाटायचं.

दोन. कित्येक जुन्या गायकांनी आपली गाजलेली गाणी वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गाऊन ठेवलीत. नाव तेच, फोटो तरुणपणचा, आवाज निवृत्तीनंतरचा. स्वस्त संग्रहांत हाच माल भरलेला असतो.

तीन. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. बीटल्सच्या 'लव्ह मी डू'च्या पहिल्या सिंगलवर ड्रम त्यांचाच रिंगो वाजवतो, अल्बमवर अँडी व्हाइट नावाचा भाडोत्री वादक. कुठली ऐकताय हे सांगायला कुणीतरी लागतं.

चांगला जुन्या गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम हे सगळं निवडून, पाखडून देतो. रांग बाकरवडीचीच आहे, पण इथे कालची बाकरवडी गरम करून देत नाहीत.

बाय द वे, बीबीसीकडे त्या काळातला इतका खजिना का, त्याचं कारण गमतीदार आहे. तिथल्या वादकांच्या युनियनचा आणि रेकॉर्ड कंपन्यांचा आग्रह होता की रेडिओने सारख्या रेकॉर्ड वाजवल्या तर वादकांच्या पोटावर पाय येईल. त्यामुळे रेकॉर्ड वाजवायचे तास बांधून दिलेले, १९६७ पर्यंत दिवसाला जेमतेम पाच. याला 'नीडल टाइम' म्हणत, सुईचा वेळ. उरलेला वेळ भरायचा कसा? बँडला स्टुडिओत बोलवा आणि वाजवून घ्या. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्सनी बीबीसीसाठी ८८ वेगवेगळी गाणी मिळून २७५ वेळा वाजवली. त्यातली कितीतरी त्यांनी तेव्हा रेकॉर्डवर काढलीच नव्हती. रेशनिंगमुळे घरात नवे पदार्थ शिजतात ना, तसं. पुढे बीबीसीने बऱ्याच टेप जपल्या नाहीत आणि काही गाणी श्रोत्यांनी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरला होता म्हणून वाचली, ते दुःख वेगळं.

दादरची_सुलू
टर्नटेबल, मस्त प्रतिसाद. कराडकर, तुझा प्रश्न मला लगेच कळला. आमचं उलटं होतं. आम्ही त्याच काळात होतो, पण त्या देशात नव्हतो.

मी ५५ ची. दादरला चाळीत एक रेडिओ, त्याचं लायसन बाबा पोस्टात जाऊन भरायचे, त्यामुळे रेडिओवर हक्कही त्यांचा. सकाळी रेडिओ सिलोन. जुन्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि आठला तीन मिनिटं कमी असताना सैगल. रोज. सैगल संपला की बाबा चप्पल घालायचे. आमच्या घरात घड्याळ होतं पण ते कुणी बघायचं नाही.

शनिवारची रात्र मात्र आमची, माझी आणि धाकट्या भावाची. मुंबई केंद्रावर इंग्रजी गाण्यांचं 'सॅटर्डे डेट' लागायचं. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, गाण्यातला शब्द कळेल तर शपथ. मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे, ऐकू येईल तसं. ती वही अजून आहे. मध्यंतरी नातीने खरे शब्द फोनवर काढून शेजारी ठेवले. दहातले आठ शब्द चूक! एका गाण्यात मी चक्क 'शेंगदाणे' लिहून ठेवलंय. पण चाल विचाराल तर एकही सूर चुकत नाही.

त्यातले गायक क्लिफ रिचर्ड लखनौचा आणि एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा, हे भावाने कुठूनतरी शोधून काढलं तेव्हा आम्हाला परीक्षेत पहिलं आल्यासारखा आनंद झाला होता. का, ते आज सांगता येणार नाही.

बोल्टनचा_बाळ्या
सुलूताई, "आठला तीन मिनिटं कमी" वाचून उडालोच. ऐका.

मी उत्तर इंग्लंडात बोल्टनला असतो. इथून दहा-बारा मैलांवर विगन. तिथे 'विगन कसिनो' नावाचा नाचाचा हॉल होता, सप्टेंबर १९७३ ते १९८१. नाव कसिनो, जुगार नाही, आणि रात्रीच्या नाचाला दारूही नाही. पहाटे दोनला दार उघडायचं आणि सकाळी आठपर्यंत पोरंपोरी नाचायची. गाणी कुठली? अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायकांची, साठच्या दशकातली, आणि तीही *न चाललेली*. मोटाउनच्या धाटणीची जलद चालीची गाणी, जी डेट्रॉइटमध्ये, शिकागोत कुणी विकत घेतली नाहीत, ती इथल्या गिरण्या-कारखान्यांतली पोरं जीव टाकून शोधायची. याला नॉर्दर्न सोल म्हणतात. हे नाव डेव्ह गोडिन नावाच्या पत्रकाराने पाडलं. लंडनमध्ये त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तरेकडून फुटबॉल बघायला आलेले लोक दुकानात येऊन नवीन गाणी विचारायचेच नाहीत, म्हणून त्यांच्या आवडीच्या गाण्यांना हे 'उत्तरेकडचं' नाव.

आणि तिथे दर वेळी सकाळी बंद व्हायच्या आधी तीच ती तीन गाणी लागायची, ठरलेली. 'थ्री बिफोर एट.' तुमच्याकडे आठच्या आधी सैगल, यांच्याकडे आठच्या आधी तीन रेकॉर्ड. मग ही मंडळी डोळे चोळत स्टेशनवर.

माझ्या शेजारचे काका, निवृत्त इलेक्ट्रिशियन, त्यांतले एक. गुडघे गेलेत. पण रेडिओवर यातलं एखादं गाणं लागलं तर गॅरेजच्या फरशीवर टाल्कम पावडर शिंपडतात, पाय घसरायला सोपा जावा म्हणून, आणि दोन गिरक्या घेतातच. काकू ओरडतात. मी दारात चहा घेऊन उभा.

त्यांनी सांगितलेली भारी गोष्ट म्हणजे, दुर्मीळ रेकॉर्ड ज्याच्याकडे असेल तो डीजे तिच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि खोटंच नाव सांगायचा. म्हणजे दुसऱ्या डीजेने ती शोधू नये. आपल्या घराण्यांतले बुवा बंदिशीचा अंतरा बाहेरच्याला द्यायचे नाहीत, तसलाच प्रकार. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक सिंगल मोटाउनने छापून नष्ट केली होती, जगात मोजून दोनच प्रती माहीत होत्या. २००९ मध्ये त्यातली एक २५ हजार पौंडांहून जास्तीला विकली गेली.

त्या पोरांनी तरी डेट्रॉइट कुठे पाहिलं होतं? त्यांचीही आठवण उसनीच की.

अवांतरे
वा बाळ्या! अंगावर काटा. पुढील लेखनास शुभेच्छा.

वाईकर
थोडं अवांतर, पण आमच्या घाटावरचं आहे म्हणून लिहितो. पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा होता. पोरांचा बँड काढला होता, 'द हेक्टिक्स', हा पियानोवर. त्याच्या मित्रांच्या आठवणीत एक गोष्ट सारखी येते की रेडिओवर गाणं ऐकायचा आणि लगेच पियानोवर तसंच्या तसं वाजवायचा. पुढे लंडनला जाऊन 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. आम्ही पाचगणीला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन येतो. :)

खडूसराव
वाईकर, तो सत्तरच्या दशकातला. धागा साठचा आहे.

वाईकर
पण रेडिओ ऐकत होता तो साठच्या आधीपासूनच ना? १९६३ ला त्याने पाचगणी सोडली. खडूसराव, जरा श्वास घ्या.

मडगांवचो
तुम्ही सगळे विलायतेत फिरताय, मुंबईत बघा की. साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत रात्री इंग्रजी गाणी वाजवणारे आमचे गोंयकार, आणि तेच दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्पेट, व्हायोलिन घेऊन फिल्मी रेकॉर्डिंगला. मग 'भूत बंगला' चित्रपटात अमेरिकन गायक चबी चेकरचा ट्विस्ट आला आणि 'जानवर'मध्ये बीटल्सची चाल आली यात नवल काय. ज्यांनी रात्री वाजवलं त्यांच्याच बोटांनी सकाळी वाजवलं. चोरी म्हणा, नाहीतर ओव्हरटाइम म्हणा.

टर्नटेबल
मडगांवचो, +१. उलट्या दिशेचंही एक उदाहरण देतो. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता, एका चित्रपटाच्या संगीतासाठी. आपले वादक बसले होते, शिवकुमार शर्मा होते. त्याच दिवसांत त्याने आणखी एका गाण्याचं वादन करून घेतलं आणि लंडनला जाऊन त्यावर गायला. ते 'द इनर लाइट'. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या पाठच्या बाजूला आलं. हॅरिसनने लिहिलेलं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिली वेळ. म्हणजे या महिन्यात बरोबर पन्नास वर्षं झाली, आणि कराडकरांच्या मालकीणबाई म्हणतात तसं, पाठची बाजू ऐकायला हवी.

कराडकर_लेस्टर
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, शिफ्ट होती.

टर्नटेबल, बाई तसं म्हणतात हे मी धाग्यात लिहिलंच नव्हतं! पण खरंच म्हणायच्या. कुठलंही गाजलेलं गाणं लागलं की, "हे ठीक आहे, पाठची बाजू बघ." मला वाटायचं जुनी माणसं बोलतात तसलंच काहीतरी. मग एका डिसेंबरात त्यांनी माळ्यावरून रेकॉर्डची पेटी खाली काढली. सिंगल्स सहा शिलिंग आठ पेन्सला मिळायची, कारखान्यातल्या आठवड्याच्या पगारातून एक. एवढे पैसे घातलेत तर दोन्ही बाजू झिजवायच्या, हा हिशेब. कोकणातली माणसं फणसाच्या आठळ्याही टाकत नाहीत, तसं. त्या पेटीत मोटाउनच्या डायना रॉस आणि सुप्रीम्स सर्वांत खरखरीत झालेल्या. मला वाटलं होतं बाई बीटल्सवाल्या आहेत. छे! किंचाळायला बीटल्स, घरी ऐकायला सोल.

त्याबाबतीत ब्लॅकबर्न यांना मी अर्धे गुण देतो. माणूस आधी समुद्रातल्या चोरट्या जहाजांवरून, रेडिओ कॅरोलाइन आणि रेडिओ लंडनवरून गाणी लावायचा. सरकारने कायदा करून १९६७ च्या ऑगस्टात ती जहाजं बेकायदा ठरवली आणि सप्टेंबरच्या ३० तारखेला सकाळी सातला बीबीसीचं नवं रेडिओ वन याच्याच आवाजात सुरू झालं. मोटाउनचा मनापासून भक्त. डायना रॉसचं 'आयॅम स्टिल वेटिंग' अल्बममध्ये पडून होतं, याने कंपनीच्या मागे लागून ते सिंगल म्हणून काढायला लावलं आणि १९७१ मध्ये ते इथे पहिल्या क्रमांकावर गेलं. उरलेले अर्धे गुण त्यांच्या विनोदांमुळे कापले. सकाळी सहाला असले विनोद कुणी माणसाला सांगू नयेत.

खडूसराव, तुमच्या मुद्द्याला उत्तर. यूट्यूबवर मला हवं ते मिळतं हेच अडचणीचं आहे. मला काय हवं ते मला माहीतच नव्हतं. मला एकही नाव माहीत नव्हतं. समोर एक बाई सुरी धरून थबकली म्हणून मला कळलं की हे गाणं काहीतरी आहे.

सुलूताई, वहीचं पान इथे टाका ना. शेंगदाण्याचं.

दादरची_सुलू
टाकते, आधी नातीची परवानगी. मालकीणबाई आहेत ना अजून?

कराडकर_लेस्टर
आहेत, ठणठणीत. तीन वर्षांपूर्वी स्केग्नेसला समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. बहिणीला सकाळी रेडिओ चालत नाही, म्हणून आता हेडफोन लावून ऐकतात. फ्रिजवरचा जुना रेडिओ मला देऊन गेल्या. त्याच्या तबकडीवर ८९ च्या जवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. काटा तिथून हलवला तर पुन्हा लावायला सोपं जावं म्हणून. हलवलेला मी तरी कधी पाहिला नाही. माझी पोरगी त्या ठिपक्याला 'आजीची टिकली' म्हणते.

काल त्यांचा मेसेज आला, नेहमीचाच. गाण्याचं नाव आणि पुढे "पाठची बाजू."

बोल्टनचा_बाळ्या
शेजारच्या काकांना हा धागा भाषांतर करून वाचून दाखवला. म्हणाले, तुमच्या त्या सैगलचं एखादं लाव. लावलं. दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "यावर नाचायचं कसं?"

दादरची_सुलू
नाचायचं नाही म्हणावं, चप्पल घालायची.

खडूसराव
सकाळी सहा म्हणजे आपल्याकडे किती? साडेअकरा की साडेदहा? दोन ठिकाणी दोन वेळा दिसतायत.

कराडकर_लेस्टर
येत्या शनिवारी, २४ ला, साडेअकरा. रविवारी २५ ला आमची घड्याळं तासभर पुढे जातात. ३१ पासून साडेदहा, ते थेट ऑक्टोबरपर्यंत.

खडूसराव
बायको विचारत होती.